काबुकीतले स्त्रीपार्टी नट आणि त्यांच्या लाकडी ठशांच्या प्रिंट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अधूनमधून जुन्या जपानी प्रिंट्सचे फोटो शेअर करते आणि दर वेळी तेच तेच प्रश्न येतात, व्हॉट्सॲपवर, मेलवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. सोपे आधी, डोकं खाणारे नंतर. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे जा.

१. ही बाई कोण आहे? आणि ही खरंच बाई नाहीये का??

नाहीये. हा नट आहे. काबुकी हा जपानचा एदो काळातला (साधारण १६०३ ते १८६८) लोकप्रिय नाट्यप्रकार, त्यात बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात आणि अशा नटाला ओन्नागाता म्हणतात (ओयामा हाही शब्द चालतो). या नटांची चित्रं लाकडावर कोरून, कागदावर छापून विकली जायची. नटांच्या चित्रांना याकुशा-ए म्हणतात आणि त्यातली स्त्रीभूमिकांची चित्रं हा माझा आवडीचा कप्पा. बघणाऱ्याला फसवायचं हा त्यांचा हेतू नव्हताच, हे आधीच सांगून ठेवते. 'बघा, आपला किकुनोजो या भूमिकेत कसा दिसतोय' हे दाखवायचं असायचं, म्हणजे नट पण दिसला पाहिजे आणि ती बाई पण दिसली पाहिजे, दोन्ही एकाच चेहऱ्यात. पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निघालेत.

२. मग बायकांना कामच का करू द्यायचे नाहीत?

गंमत म्हणजे काबुकी सुरू केलं एका बाईनंच. इझुमोची ओकुनी, १६०३ च्या सुमारास, क्योतोत कामो नदीच्या कोरड्या पात्रात नाचायची, पुरुषी कपडे घालून पुरुषांची नक्कल पण करायची. मग बायकांचे काबुकी संच निघाले, त्याच्या आडून वेश्याव्यवसाय आणि प्रेक्षकांत मारामाऱ्या, म्हणून सरकारनं १६२९ मध्ये बायकांना स्टेजवर बंदी घातली. त्यांच्या जागी कोवळी पोरं आली, तर त्यांच्यावरूनही तेच सगळं व्हायला लागलं, मग १६५२ मध्ये ती पण बंद. शेवटी परवानगी मिळाली ती मोठ्या पुरुषांना, आणि अट अशी की कपाळावरची झुलपं भादरायची, म्हणजे कोणी फार देखणं दिसायला नको! ही भादरलेली कपाळं लक्षात ठेवा, प्रश्न ४ मध्ये लागणारेत.

३. म्हणजे आपल्या बालगंधर्वांसारखंच ना?

हो आणि नाही. स्त्रीपार्ट, लोकांचं वेड, आणि बायकांनी नटाची फॅशन उचलणं, इथपर्यंत एकदम सारखं. बालगंधर्वांची साडी नेसायची ढब इथल्या बायकांनी उचलली, तसं तिकडे सेगावा किकुनोजो दुसरा ज्या हिरवट तपकिरी रंगाचे कपडे घालायचा त्या रंगालाच त्याच्या टोपणनावावरून रोकोचा म्हणायला लागले, आणि इवाई हान्शिरो पाचव्यानं भाजीवाल्याच्या मुलीच्या, ओशिचीच्या भूमिकेत जी अंबाडीच्या पानांची नक्षी घातली ती हान्शिरोच्या नावानं खपायला लागली.

फरक असा की आपल्याकडे बायका स्टेजवर आल्या आणि स्त्रीपार्ट हळूहळू संपले, तिकडे ते आजही चालू आहेत (बांदो तामासाबुरो पाचवा, जन्म १९५०, जपाननं त्याला जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिलाय). दुसरं म्हणजे काबुकीत नावं वारशानं येतात, त्यावर प्रश्न ११. आणि तिसरं, आपल्याकडे फोटो उरले, त्यांच्याकडे फोटोच्या आधीच्या दीडशे वर्षांच्या प्रिंट्स उरल्या. भामिनीच्या वेशातल्या बालगंधर्वांची दहा रंगांत छापलेली, बाजारात चार आण्याला मिळणारी चित्रं असती तर काय मजा आली असती असं मला नेहमी वाटतं.

४. चित्रात साधी सुंदर बाई आहे की बाईच्या वेशातला नट, हे ओळखायचं कसं?

पहिलं बघायचं कपाळ. भादरलेला भाग झाकायला हे नट कपाळावर जांभळ्या रेशमाचं छोटं फडकं लावायचे. पुढे टोप इतके सुधारले की फडक्याची गरज उरली नाही, तरी ती स्त्रीपार्टाची खूणच होऊन बसली आणि चित्रकार पण ती आवर्जून काढायचे. केसांच्या पुढच्या बाजूला जांभळा चौकोनी तुकडा दिसला की समजा नट आहे.

दुसरं, कपड्यावरचं घराण्याचं चिन्ह, त्याला मोन म्हणतात. सेगावा किकुनोजोच्या घराण्याचं कापसाच्या बांधलेल्या मोळीसारखं, इवाई हान्शिरोचं वर्तुळात तीन पंखे. साध्या बाईच्या चित्रात बाहीवर हे सहसा नसतं. तिसरं, चित्रात नटाचं आणि भूमिकेचं नाव लिहिलेलं असू शकतं (नसेल तर प्रश्न १२). चौथं चेहरा, पण त्याला जरा सवय लागते, प्रश्न ८ आणि ९ बघा.

आणि एक सापळा, यात मी स्वतः पडलेय. डोक्याभोवती जांभळी पट्टी गुंडाळून बाजूला गाठ मारलेली दिसली तर ते कपाळावरचं फडकं नव्हे. गाठ डाव्या बाजूला असेल तर पात्र आजारी आहे असा तो संकेत. शाराकू या चित्रकाराच्या (प्रश्न ९) चित्रातल्या ओशिझुला (नट सेगावा किकुनोजो तिसरा) अशीच पट्टी आहे. काबुकीतला गाजलेला हिरो सुकेरोकू पण जांभळी पट्टी बांधतो पण त्याची गाठ उजवीकडे, कारण तो अगदी ठणठणीत!

५. तुम्ही म्हणता जांभळं, मला तर मळकट राखाडी डाग दिसतोय?

बरोबरच दिसतोय. १८व्या शतकातला जांभळा बऱ्याचदा करडईच्या फुलांचा गुलाबी आणि एका रानफुलाचा निळा असे दोन रंग मिळून व्हायचा, आणि दोन्ही रंग उजेडाला आणि ओलीला अगदी नाजूक. निळा उडाला की उरतं तपकिरी, गुलाबी पण उडाला की राखाडी-पिवळट. म्हणून दोनशे वर्षं उजेडात टांगलेल्या प्रिंटवर फडकं दिसेल पण जांभळं दिसणार नाही. वहीत, अल्बममध्ये बंद राहिलेली प्रत बघितली की धक्काच बसतो, इतका भडक रंग असतो. १८३० च्या आसपास बाहेरून आलेला प्रशियन निळा रुळला, तो टिकतो. १८६० नंतर आलेले रासायनिक लाल-जांभळे तर इतके भडक असतात की डोळ्यात खुपतात.

६. चित्रकार स्वतःच लाकूड कोरायचा का?

नाही, हे चार जणांचं काम. प्रकाशक पैसे घालतो आणि विषय ठरवतो, चित्रकार पातळ कागदावर रेषा काढून देतो, कोरणारा तो कागद रानटी चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेषा सोडून बाकीचं लाकूड खणतो, आणि छापणारा एकेका रंगाची वेगळी फळी घेऊन तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर चकतीसारख्या घासणीनं पाठीमागून घासून छापतो. रंग एकमेकांवर बरोबर बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्याला खाच असते, कागद तिथे टेकवायचा. असे पूर्ण रंगीत प्रिंट १७६५ पासून, त्याआधी हातानं रंगवलेले किंवा दोन-तीन रंगांचे.

चित्रकाराचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण मला विचाराल तर कपाळाजवळचे केस कोरणाऱ्याला साष्टांग नमस्कार घालायला पाहिजे. एका मिलिमीटरमध्ये दोन-तीन केस, तेही लाकूड खणून उठावात ठेवलेले! ते काम सगळ्यात हुशार कारागिराकडेच जायचं. आणि चेहऱ्याचा तो पांढरा रंग? बहुतेक वेळा तिथे रंगच नसतो, कोरा कागद असतो.

७. हे कोण विकत घ्यायचं? श्रीमंत लोक का?

अजिबात नाही. एदोमधली (आजचं तोक्यो) साधी माणसं, दुकानात काम करणारी पोरं, बाहेरगावाहून आलेले लोक जे आठवण म्हणून घरी न्यायचे. साधी प्रिंट सोबा नूडल्सच्या एखाद-दोन वाट्यांच्या किमतीत यायची. नाटक चालू असतानाच दुकानात लागायची, नाटक उतरलं की जुनी. आपल्याकडे एसटी स्टँडवर हिरो-हिरोइनचे पोस्टकार्ड मिळायचे ना, भाव साधारण तोच.

८. सगळे चेहरे सारखेच दिसतात मला, नट कसा ओळखणार?

सुरुवातीच्या चित्रांत खरंच सारखे असतात, तुमचा दोष नाही. १७०० च्या सुमाराला तोरी घराण्याचे चित्रकार, कियोनोबू वगैरे, थिएटरच्या पाट्या पण तेच रंगवायचे, तर त्यांच्या चित्रात रांगडे पुरुष म्हणजे भोपळ्यासारख्या पोटऱ्या आणि वळवळत्या जाड रेषा, बायका म्हणजे एक ठरलेला गोड चेहरा. नट ओळखायचा तो नावावरून आणि मोनवरून.

१७६० च्या दशकात कात्सुकावा शुन्शोनं हे मोडलं. त्यानं नटाचं स्वतःचं नाक, हनुवटी, डोळ्यांमधलं अंतर काढायला सुरुवात केली. १७७० मध्ये त्यानं आणि इप्पित्सुसाई बुन्चोनं मिळून पंख्याच्या आकारात नटांचे अर्धे देह दाखवणारं पुस्तक काढलं, म्हणजे लोकांना आवडत्या नटाचा पंखा हातात घेतल्यासारखं वाटावं. शुन्शोच्या प्रिंट्स उंच आणि अरुंद, साधारण ३३ बाय १५ सेंटीमीटर. त्यात एका बाजूला इवाई हान्शिरो चौथा बघा, गोल गुबगुबीत चेहरा, लोक त्याला ओताफुकू म्हणजे गोबऱ्या गालांच्या बाईचा मुखवटा म्हणून चिडवायचे, आणि दुसऱ्या बाजूला लांबट चेहऱ्याचा किकुनोजो तिसरा. भूमिका बदलली, कपडे बदलले तरी गाल तेच राहतात. दहा-बारा चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा, अकराव्याला तुम्हीच ओरडाल की हा तर आपला हान्शिरो. (आणि शुन्शोच्या हाताखाली शुन्रो नावाचा एक पोरगा पण नटांची चित्रं काढायचा, तो पुढे होकुसाई झाला. हो, त्या प्रसिद्ध मोठ्या लाटेच्या चित्रावाला.)

९. शाराकूनं बायका इतक्या विचित्र का काढल्यात? तो मुद्दाम टर उडवतोय का?

तोशुसाई शाराकू हा माणूस १७९४ च्या पाचव्या महिन्यात एकदम उगवला, त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकानं त्याच्या २८ मोठ्या चेहऱ्यांच्या प्रिंट्स एकदम काढल्या, मागे अभ्रकाची चमकती काळपट पार्श्वभूमी, आणि दहा महिन्यांत दीडशेच्या आतबाहेर चित्रं काढून गायब. तो कोण यावर खूप कागद खर्च झालेत, सध्या बहुतेक जण मानतात की तो आवा प्रांताच्या सरदाराकडचा नो या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला नट साइतो जुरोबेई.

आता टर. मला नाही वाटत. त्याचा सेगावा तोमिसाबुरो दुसरा बघा, यादोरिगीच्या भूमिकेत. हाडकुळा चेहरा, लांब नाक, बारीक डोळे. या नटाचं टोपणनावच निकुतोमी होतं, म्हणजे 'नकोसा तोमी', कारण त्याच्या अभिनयात एक टोचणारा कडवटपणा होता. शाराकूनं तो कडवटपणा पण काढला आणि ती बाई पण काढली. उलट इवाई हान्शिरो चौथ्याची शिगेनोई बघा. ही दाई, समोर स्वतःचा मुलगा उभा आहे आणि त्याला आई म्हणून जवळ घेता येत नाहीये. चेहरा तोच गोबरा मध्यमवयीन पुरुषाचा, आणि तरीही छातीत कालवाकालव होते. एकाच चौकटीत दोन माणसं श्वास घेतायत असं वाटतं.

त्या काळच्या लोकांना मात्र हे फार झालं असावं. ओता नाम्पो या लेखकाच्या नोंदींचा सूर असाच की इतकं खरं काढायला गेला की नको ते पण काढून बसला, म्हणून टिकला नाही. सहाजिक आहे हो, तुमच्या आवडत्या हिरोइनचा जबडा दाखवणारं पोस्टर तुम्ही भिंतीवर लावाल का? त्याच वर्षी उतागावा तोयोकुनीनं पूर्ण उभ्या नटांची मालिका सुरू केली, जबडा जरा गोल, कंबर जरा लचकदार, ती धो धो चालली आणि पुढची ७०-८० वर्षं उतागावा घराण्याचंच राज्य.

१०. कपड्यांवरून भूमिका ओळखता येते का?

बऱ्यापैकी येते. लाल किमोनो आणि डोक्यात चांदीच्या फुलांचा मुकुट म्हणजे राजकन्या, तिला आकाहिमे म्हणजे लाल राजकन्याच म्हणतात. लांब लोंबत्या बाह्या म्हणजे लग्न न झालेली मुलगी. भुवया काढलेल्या आणि दात काळे म्हणजे लग्न झालेली (दात काळे करायची पद्धत होती, छपाईचा डाग नाही, हा प्रश्न पण तीनदा आलाय). कमरेचा पट्टा पुढे बांधलेला आणि डोक्यात कंगव्या-काट्यांचं जंगल म्हणजे उच्च दर्जाची गणिका. सरदाराच्या वाड्यातली करारी दाई, जसं की मासाओका, हिच्या अंबाड्याची धाटणी वेगळीच असते आणि त्या सगळ्या भूमिकांना त्या टोपाच्याच नावानं ओळखतात, काताहाझुशी.

नाच असेल तर अजून सोपं. चेरीची फुलं आणि मंदिराची मोठी घंटा दिसली की दोजोजीची मुलगी, तो नाच नाकामुरा तोमिजुरो पहिल्यानं १७५३ मध्ये गाजवला. पांढरे कपडे, बर्फ आणि छत्री असेल तर बगळ्याची मुलगी, किकुनोजो दुसऱ्याचा, १७६२ चा.

११. किकुनोजो १७४० मध्ये पण आहे आणि १८३० मध्ये पण, हा माणूस किती जगला??

पाच माणसं आहेत ती! नाव घराण्यात पुढे जातं, कधी मुलाला, कधी दत्तकाला, कधी शिष्याला. त्यातून एकच नट आयुष्यात तीन-चार नावं बदलतो, बढती मिळाल्यासारखी. म्हणून 'सेगावा किकुनोजो' एवढ्यावर थांबू नका, कितवा ते बघा. नाटक, भूमिका आणि थिएटर हे तिघं जुळवून त्या वेळच्या छापील जाहिरातींशी ताडलं की महिन्यापर्यंत तारीख लागते. १८५२ पासून तर प्रिंटवरच साल-महिन्याचा सेन्सॉर शिक्का असतो, साल उंदीर, बैल, वाघ अशा प्राण्यांत.

चित्रकारांचा पण हाच घोळ. कुनिसादानं १८४४ मध्ये गुरूचं नाव घेऊन 'तोयोकुनी' सही करायला सुरुवात केली, स्वतःला दुसरा म्हणवायचा, पण मध्ये एक दुसरा ऑलरेडी होऊन गेला होता, म्हणून आपण त्याला तिसरा म्हणतो. सही तोयोकुनी आणि शिक्का १८५० च्या दशकातला असेल तर तो हा.

१२. माझ्याकडच्या फोटोत नटाचं नावच नाही, फक्त भूमिकेचं आहे. मग तो नट नाही का?

असू शकतो. १८४२ मध्ये तेन्पो सुधारणांच्या नावाखाली सरकारनं नटांची आणि गणिकांची चित्रं छापायलाच बंदी घातली, थिएटरं शहराच्या कडेला हाकलली, नट इचिकावा दान्जुरो सातव्याला चैनबाजीबद्दल एदोतून तडीपार केलं. काही वर्षांत बंदी ढिली पडली, पण नाव न लिहायची सवय पुढे बराच काळ राहिली. लोकांना काही फरक पडला नाही, चेहरा बघून ओळखायचेच. मग 'प्राचीन काळची पतिव्रता' असं शीर्षक आणि खाली चेहरा मात्र चालू सीझनच्या नटाचा! अशा चित्रात प्रश्न ४ मधलं मोन आणि कपाळ कामाला येतं.

१३. पुरुषी भूमिका करणारा नट बाईच्या भूमिकेत असेल तर त्याला ओन्नागाता म्हणायचं का?

भूमिका स्त्रीची, पण नट ओन्नागाता नाही. योशिझावा आयामे (१६७३ ते १७२९) सारखे जुने ओन्नागाता सांगायचे की रोजच्या जगण्यातही बाईसारखंच राहा, रंगपटात खाताना पण तोंड वळवून खा. पुढे मात्र सगळं करणारे नट निघाले. १८२५ च्या भुताच्या नाटकातली विद्रूप झालेली ओइवा ओनोए किकुगोरो तिसऱ्यानं केली, आणि त्याच नाटकात त्यानं पुरुष पण केले. खाष्ट, दुष्ट बायका तर मुद्दामच पुरुषी भूमिकावाल्यांना देतात, राकटपणा हवा असतो म्हणून.

याच्याही पुढचं त्रांगडं म्हणजे बेंतेन कोझो. हा चोर, सरदाराच्या मुलीच्या वेशात दुकानात शिरतो, पकडला गेल्यावर किमोनो खांद्यावरून खाली टाकतो आणि आत गोंदवलेला पुरुष! नाटक १८६२ चं, करणारा नट तेव्हा विशीच्याही आतला, पुढे किकुगोरो पाचवा झाला. म्हणतात की लेखक मोकुआमीला ही कल्पना कुनिसादाच्या एका प्रिंटवरून सुचली, म्हणजे इथे प्रिंट आधी आणि नाटक नंतर. ही मात्र स्त्रीभूमिका नव्हे, बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाची भूमिका.

१४. पाय कापलेल्या नटाची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. सावामुरा तानोसुके तिसरा, जन्म १८४५, त्याच्या काळातला सगळ्यात लाडका ओन्नागाता. पायाला गँगरीन झालं, १८६७ मध्ये योकोहामात अमेरिकन डॉक्टर हेपबर्न यांनी पाय कापला (तेच हेपबर्न, जपानी-इंग्रजी डिक्शनरीवाले). अमेरिकेहून कृत्रिम पाय मागवला आणि तो परत स्टेजवर. नंतर दुसरा पाय गेला, हात गेले, तरी काम चालू. १८७८ मध्ये, ३३ व्या वर्षी वारला. तोयोहारा कुनिचिकानं काढलेल्या त्याच्या प्रिंट्स आहेत, त्यात काही कळत नाही, नेहमीसारखा देखणा. माहीत असल्यावर मात्र नजर सारखी किमोनोच्या घोळाकडे जाते.

१५. फिकट निळ्या कपड्यातला नट आणि बाजूला बरंच लिहिलेलं, हे कुठलं नाटक?

नाटक नाही, श्रद्धांजली आहे. याला शिनी-ए म्हणतात, नट वारला की लगेच निघायच्या, त्यावर मरणोत्तर बौद्ध नाव, तारीख, देऊळ. दान्जुरो आठव्यानं १८५४ मध्ये ओसाकात आत्महत्या केली तेव्हा अशा प्रिंट्सचा पूर आला होता. १८३२ च्या सुरुवातीला बांदो मित्सुगोरो तिसरा आणि ओन्नागाता किकुनोजो पाचवा काही दिवसांच्या अंतरानं गेले, तर दोघांना एकत्र दाखवणारी शिनी-ए पण निघाली. मित्सुगोरोच्या बायकोचं किकुनोजोबरोबरचं प्रकरण सगळ्या शहराला माहीत होतं, त्यामुळे ती बघताना लोक नुसते हळहळले नसणार.

१६. फोटो आल्यावर हे बंद पडलं ना?

जवळजवळ. पण १९२० च्या दशकात परत एक झुळूक आली. नातोरी शुन्सेननं वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाकडे १९२५ ते १९२९ मध्ये नटांच्या ३६ चेहऱ्यांची मालिका केली, त्यातले ओन्नागाता बघा, पावडरीखालची कातडी जाणवते. त्या पावडरीची पण कहाणी आहे, जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं. १८८७ मध्ये सम्राटासमोर काम करताना नाकामुरा फुकुसुकेचे (पुढे उताएमोन पाचवा) पाय थरथरायला लागले ते शिशाच्या विषबाधेनं, आणि त्यानंतर बिनशिशाच्या पावडरीसाठी धडपड सुरू झाली.

१७. मला एक विकत घ्यायचीय, ओरिजिनल कशी ओळखू?

भिंग घ्या. रंगात ठिपके ठिपके दिसले तर मशीनची छपाई, विषय संपला. मी एकदा फ्रेम केलेली 'जुनी' प्रिंट बऱ्यापैकी पैसे देऊन घेतली, घरी येऊन काच काढली तर ठिपकेच ठिपके, विकणाऱ्यानं फोन उचलायचा बंद केला. म्हणून फ्रेममधून काढून दाखवत नसेल तर घेऊ नका. मागची बाजू बघा, हातानं छापलेल्यात रंग मागे झिरपतो आणि घासणीचे वळसे दिसतात. पण सावधान, हे वळसे नव्यानं फळ्या कोरून हातानं छापलेल्या प्रतींत पण असतात, त्या आजही बनतात. त्यात फसवणूक काही नाही, नवीन म्हणून विकल्या तर. शाराकू स्वस्तात मिळत असेल तर तो नवाच, याबद्दल शंका नको. खरी जुनी आणि परवडणारी हवी तर कुनिसादा, कुनिचिका शोधा, त्यांनी हजारोंनी चित्रं केलीत. आणि तीन भागांच्या चित्रातला एकच भाग सुटा विकायला असतो, ती बाई डावीकडे कोणाकडे बघतेय हे कळलं नाही तर बाकीचे दोन भाग कुठेतरी दुसरीकडे आहेत असं समजा.

१८. फुकटात कुठे बघता येतील?

तोक्योच्या वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयात नटांच्या ४० हजारांच्या वर प्रिंट्स आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात सगळ्या मिळून ५० हजारांच्या वर जपानी प्रिंट्स, शिवाय ब्रिटिश म्युझियम, शिकागो, न्यूयॉर्कचं मेट. शोधताना नटाचं नाव आणि कितवा ते दोन्ही टाका (प्रश्न ११), आणि फोटो मोठा करून आधी कपाळ बघा.